नगरपालिकेच्या हद्दीतला राक्षस

शुक्रवारच्या बाजारात, चीजवाला आणि
घड्याळाचे पट्टे विकणारा यांच्या मधे
डग्लस ग्रीनवूड आपली चित्रं दोरीला लावतो
चिमट्यांनी, ओल्या मोज्यांसारखी.

'टॉडमॉर्डन, १८९१': कालव्यातून मान वर काढून
काहीतरी हिरवं, बारा डोळ्यांचं
कोळशाच्या बोटीचा वास घेतंय;
काठावरची बाई काखेतला पाव न सोडता
त्याच्याकडे बघतेय
उशिरा आलेल्या प्लंबरकडे बघावं तशी.

'१९०७': रेल्वेच्या पुलाला, नऊच्या नऊ कमानींना,
विळखा घालून बसलेली गोम.
खाली बारीक अक्षरांत: मँचेस्टरची गाडी
अकरा मिनिटं उशिरा. दिलगीर आहोत.

'१८७९' माझं आवडतं.
टाऊन हॉल तेव्हा हद्दीवर उभा,
अर्धा लँकशरात, अर्धा यॉर्कशरात,
आणि राक्षस नेमका आडवा झोपलेला.
दोन्हीकडचे कारकून वह्या घेऊन हजर:
चावला तर खटला कुणाकडे,
मेला तर पुरायचा खर्च कुणाचा?

कागद इतका जुना कसा होतो, विचारलं.
"दोन टी-बॅग," डग्लस म्हणाला, "आणि मंद ओव्हन."

मी एकोणतीस वर्षं इथल्या औषधांच्या दुकानात उभी.
या गावाचा रक्तदाब मला पाठ आहे,
कुणाची साखर, कुणाचा गुडघा, कुणाची उडालेली झोप.
कुणाचा आजा मात्र ठाऊक नाही.
मला मिसेस कॅम्बेट म्हणतात.
खांबेटे म्हणायला तोंड फार उघडावं लागतं,
आणि इथे थंडी फार.

आमच्या हेदवीला भुतांची चित्रं नव्हती, पत्ते होते:
मुंजा पिंपळावर, गिऱ्हा खाडीच्या वळणाला,
चकवा घळीकडे जाताना डाव्या हाताला.
फ्रेम कोण करणार त्यांना?
भाडं न देता राहणारे शेजारी ते.

तेवढ्यात विल्फ्रेड सटक्लिफ आले
(सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी),
काठी टेकून चित्रापुढे थांबले.
"चूक आहे."
"राक्षस?" डग्लसनं विचारलं.
"राक्षस बरोबर आहे. तो डावीकडे होता,
लॉकच्या खाली. आजोबा त्याला पावाच्या कडा घालायचे."

"पाव कुठला!" मॉरीन हॉलरॉयड पिशवीसकट वळली.
"वजडी खायचा तो. व्हिनेगर घालून.
आणि एक्याण्णव नाहीच, त्या साली माझी आजी जन्मली,
मग तिनं त्याला पाहिला कसा?"
चीजवाला सुरी पुसत मधे पडला:
त्याच्या पणजोबांचा बूट गिळला होता त्यानं,
एकच, डावा. उजवा अजून माळ्यावर आहे.
डग्लस गप्प. कानामागची पेन्सिल काढून
स्वतःच्याच तारखा खोडत.

आणि मग काय झालं कोण जाणे,
मीही तोंड उघडलं.
"शहाण्णव साली," म्हटलं, "नोव्हेंबरात.
मी नवीन होते. दुकान बंद करताना
मागच्या दाराशी आला. खोकला.
बाराही डोळे लाल.
मी सिरप दिलं, मोठी बाटली.
पैसे राहिलेत."

क्षणभर बाजारात
फक्त ताडपत्रीची फडफड.
विल्फ्रेडनी टोपी सारखी केली.
"आमच्या आजोबांचेही," म्हणाले, "पावाचे राहिलेत."
"बुडव्याच तो," मॉरीन म्हणाली, आणि
माझ्या दंडाला चिमटीत धरून
जरा आत ओढलं, वारा लागू नये म्हणून.

डग्लसनं कोरा कागद घेतला.
दार, काउंटर, काउंटरमागे कुणीतरी बुटकं, चष्म्याचं.
"नाव नीट सांगा," म्हणाला.
मी तोंड पूर्ण उघडून सांगितलं.
त्यानं तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा जवळपास आलं.

"शहाण्णव म्हणजे," तो पुटपुटला, कागद उजेडात धरत,
"फार जुनं नाही.
एकच टी-बॅग पुरे."